अनारकानचा गळका पाट

आमच्या अर्चालीच्या खडीखाणीवर पाहुणा आला की तो आधी यंत्रं बघतो. गोटे उचलणारा तो लोखंडी जबडा, थरथरणाऱ्या चाळण्या, रांगेत उभे ट्रक. मी या खाणीच्या खानावळीत इतकी वर्षं लगमानच्या शेवया शिजवते आहे, पण मला त्या यंत्रांचं काडीचं कौतुक नाही. लोखंडात डिझेल घातलं की ते चालणारच, त्यात काय मोठंसं? बघायचं असेल तर माणसाने इथलं पाणी बघावं. आणि पाणी बघून झालं की ते सांभाळणाऱ्या अनारकानकडे बघावं.

आमची खाण नदीच्या अगदी कुशीत आहे. जरा खोल खणलं की गोट्यांच्या फटींतून पाणी वर येतं. ते डोंगरावरच्या बर्फाचं पाणी, जमिनीच्या पोटातून कधीचं चालत आलेलं, इतकं गार की भर उन्हाळ्यात हात घातला तरी हाडं ठणकतात. ते उपसलं नाही तर खणणंच बंद पडेल. म्हणून खाणीच्या तळाशी पंप बसवलेत. वर आलेल्या पाण्यातलं काही चाळण्यांवर जातं आणि गोटे धुऊन दुधाच्या चहासारखं होऊन बाहेर पडतं. मग ते पहिल्या तळ्यात उतरतं, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. प्रत्येक तळ्यात थोडा गाळ मागे राहतो आणि शेवटच्या तळ्यात पाणी असं निवळतं की काठावर वाकलं तर आपल्या डोक्यावरचा रुमाल नीट करता येतो. तेच पाणी पुन्हा चाळण्यांवर जातं.

हे सगळं अनारकान करते. शहरातल्या तंत्रशाळेत ती पाण्याचंच शिकून आली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर तळ्यांच्या बांधावरून फिरते, फळ्या वरखाली करते, काचेच्या बाटलीत पाणी भरून उन्हाला धरते. कधी म्हणते, "दुसऱ्या तळ्याला आज घाई झालीय." जणू ते तळं म्हणजे तिचं एखादं उतावळं जनावर. मग एक फळी सरकवते आणि खरंच, दुपारपर्यंत पाणी शांत होतं. मी भांडी घासताना थांबून बघत राहते. आम्ही दोघी एका गल्लीत वाढलो, एकाच गाढवावरून पडलो, तरी मला अजून तिचं हे काम बघताना अंगावर शहारा येतो.

पण याच हातांनी एकदा आमच्या गावाचा झरा बंद पाडला होता. ते सांगायचं म्हणजे आधी तिच्या आईची ओळख करून द्यायला हवी.

त्यांचं नाव बुरुलचा, पण लेकीसकट सगळं गाव त्यांना आपाच म्हणतं. आपा गावाच्या खालच्या टोकाला राहतात. तिथे जमीन एकदम खाली उतरते आणि त्या दरडीच्या पायथ्याशी झरा आहे. झऱ्यावर एक म्हातारं विलोचं झाड, त्याच्या फांद्यांना चिंध्या बांधलेल्या. कुणाला मूल हवं असतं, कुणाचा मुलगा रशियात कामाला गेलेला असतो, ते येतात, पाणी पितात, चिंधी बांधून मागणं मागतात. त्या जागेची राखण आपांच्या घराण्यात पूर्वापार चालत आली आहे. आपा झाडलोट करतात, आलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात, आणि कुणी चिंधीऐवजी प्लास्टिकची पिशवी बांधली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यांच्या तोंडाला गावातले धट्टेकट्टे पुरुषसुद्धा वचकून असतात.

झऱ्याशेजारीच त्यांची सफरचंदांची बाग. त्यांच्या नवऱ्याने लावलेली. तो गेल्यावर आपांनी त्या झाडांना पोटच्या पोरासारखं जपलं. बागेला पाणी मिळायचं ते पाटाचं, आणि तिथेच रडकथा होती. आमचा पाट नदीतून निघतो, खाणीजवळून येतो आणि गावाच्या वरच्या अंगाला नुसत्या गोट्यांच्या पट्ट्यातून वाहतो. तिथे निम्मं पाणी जमीनच गिळून टाकायची. आपांची बाग पाटाच्या अगदी शेपटाला, म्हणजे त्यांच्या पाळीला पाणी कमी आणि भांडणं जास्त. पाळ्या लावणारे मुराप असानाकुन आके त्या पट्ट्यावर उभे राहून पाटाला मनसोक्त शिव्या घालायचे.

आम्हा पोरींना मात्र तो पट्टा फार आवडायचा. पाटाकडेला पालथं पडून जमिनीला कान लावला की खालून आवाज यायचा, गुळगुळ, गुळगुळ, कुणी तहानलेलं माणूस घटाघटा पाणी पितंय तसा. आम्ही श्वास रोखून ऐकायचो. अनारकान म्हणायची की खाली कुणीतरी राहतं. मी घाबरून पळून जायचे, ती मात्र ऐकत पडून राहायची.

मग तो कोरडा उन्हाळा आला. आपांच्या झाडांची पानं कडेने करपून वळली. त्या वर्षी आपांनी स्वतः विलोला चिंधी बांधली. आयुष्यभर दुसऱ्यांची मागणी वर पोचवणाऱ्या त्या बाईने स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं, आणि मागितलं ते एवढंच की पाटाचं पाणी माझ्या बागेपर्यंत पोचू दे. अनारकान तेव्हा शेजारी उभी होती.

ती तशीच खाणीवर परत आली. मग तिने पहिल्या तळ्याची एक फळी काढली आणि गोटे धुतलेलं गढूळ पाणी थोडंथोडं पाटात सोडलं. लपूनछपून नाही हं, असानाकुन आक्यांना विचारूनच. तो गाळ लोण्यासारखा मऊ. गोट्यांच्या फटीफटींत जाऊन बसला आणि बायका चुलीला पोतेरं देतात तसा पाटाला आतून लिंपला गेला. पट्ट्यातली गळती थांबली. पाणी जे धावत सुटलं ते थेट आपांच्या शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन थांबलं.

काय आनंद झाला गावाला! असानाकुन आक्यांनी दुकानातून मिठाई आणून पोराटोरांना वाटली. आपांनी त्या शरदात खाणीवर पोत्यांनी सफरचंदं पाठवली, मी मुरंबे करून करून थकले. दरवर्षी वसंतात सगळं गाव आशराला जमतं, म्हणजे सगळे मिळून पाट खरवडून साफ करतात. पुढच्या वसंतात वडीलधाऱ्यांनी सांगितलं, त्या पट्ट्याला कुदळ लावायची नाही. देवाने दिलेला लेप आहे, काढायचा नाही. कुणीही लावली नाही. अनारकानच्या हाताला बरकत आहे असं लोक बोलू लागले.

आणि झरा बारीक होऊ लागला.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली, मग नुसते थेंब राहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आपा झाडू घेऊन गेल्या तर झऱ्याच्या तळाशी ओली वाळू. संध्याकाळपर्यंत तीही सुकली. आपांच्या पणज्यांनीही तो झरा आटलेला पाहिला नव्हता. आम्ही बायका विलोखाली उभ्या राहिलो. मला तर घरात मयत झाल्यासारखं वाटलं.

दोष कुणाचा, याला वेळ लागला नाही. खाणीवर पंप आहेत, पंप पाणी ओढतात, पंपांनी झरा पिऊन टाकला. दुकानात, रस्त्यावर, माझ्या खानावळीतसुद्धा हेच. पंप कुणाच्या हातात? अनारकानच्या. झरा राखणारीच्या पोटी झरा गिळणारी जन्मली, असं एकजण माझं शोर्पोचं सूप ओरपताना बोलला. मी त्याच्या पुढ्यातली वाटी उचलून नेली.

त्यानंतर अनारकान आईला भेटायला गेली तेव्हा मीही सोबत होते. आपांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, नान मोडून ठेवली. मग चहा ओतला. आमच्याकडे ज्याने बसावं असं वाटतं त्याच्या प्याल्यात चहा जेमतेम तळाशी ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल, पुन्हा पुन्हा ओतता येईल. आपांनी लेकीचा प्याला काठोकाठ भरला. भरलेला प्याला म्हणजे पी आणि नीघ. अनारकानने तो कढत चहा तोंड भाजत संपवला, प्याला पालथा घातला आणि उठली.

वाटेत ती एवढंच बोलली, "सेयिल, झरा परत आला नाही तर या घरात मला पुन्हा बसायला मिळायचं नाही."

तिची समजूत घालावी असं मनात आलं, पण आपांना मी ओळखत होते. ती म्हणत होती ते खरंच होतं.

गावातले वडीलधारे खाणीचे साहेब इशेनबेक बाइके यांच्याकडे गेले आणि पंप बंद करा म्हणाले. बाइके वाईट माणूस नव्हे. गोड खाऊन पोट सुटलेला, कुणाला नाही म्हणता न येणारा. पण निम्म्या गावाची चूल या खाणीवर पेटते, त्यामुळे त्यांचा चेहरा पडला. ते काही बोलायच्या आत अनारकान पुढे झाली. तिने सांगितलं की पंप मी बंद करते, पाणी काय करतं ते सगळ्यांनी बघा. आणि तिथल्या तिथे तिने एकेक कळ खाली ओढली.

इतक्या वर्षांचा तो आवाज थांबला आणि पक्षी ऐकू यायला लागले. मग खाणीच्या तळातून पाणी वर येऊ लागलं. कुठून येतंय ते दिसत नव्हतं. धार नाही, खळखळ नाही, नुसतं वर येत होतं. आधी गोट्यांमध्ये चकाकलं, मग पंप बुडाले, मग उतरायचा रस्ता बुडाला. जो खड्डा करायला एवढी यंत्रं एवढी वर्षं राबली तो त्या पाण्याने काही दिवसांत मुकाट भरून टाकला. आणि त्याचा रंग! डोंगरावर बर्फाच्या भेगेत दिसतो तसा निळा, तळाचे गोटे मोजता यावेत इतका नितळ. सगळं गाव काठावर येऊन बसलं. लोक आपोआप हलक्या आवाजात बोलत होते. आपण रोज याच्यावर चालतो, याच्यावर चूल मांडतो, लग्नं करतो, आणि हे सगळं आपल्या पायाखाली आहे, या विचाराने मी पाऊलसुद्धा जपून टाकू लागले. बुरुलचा आपाही आल्या. काठावर उभ्या राहिल्या, मग प्रार्थनेच्या शेवटी फिरवतात तसे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून निघून गेल्या.

आता झरा येणार म्हणून सगळे विलोखाली वाट बघू लागले. खाण काठापर्यंत भरली. झरा आला नाही. आठवडे गेले, सफरचंदं लाल झाली, खाणीवर बगळे उतरू लागले, पण झऱ्याची वाळू कोरडी ती कोरडीच. लोक गोंधळले. पंप दोषी नाहीत म्हणावं तर मग दोषी कोण, हे कुणाला सांगता येईना. आपांनी तर झऱ्यावर झाडू मारणंही सोडलं.

काम बंद, त्यामुळे मी रिकामी. एका दुपारी अनारकान आणि मी नदीपासून पाटाच्या कडेकडेने चालत आलो. गोट्यांच्या पट्ट्यापाशी बसून नान आणि काकडी खाल्ली. मग ती, एवढी मोठी बाई, लहानपणीसारखी पालथी पडली आणि तिने जमिनीला कान लावला. मी हसले. ती हसली नाही. बराच वेळ तशीच पडून राहिली.

"सेयिल," ती म्हणाली, "इथे काही वाजत नाहीये."

"मग काय वाजायला हवं? आपण आता लहान आहोत का?"

ती उठली, पाटात उतरली आणि काठाजवळ बोटं खुपसली. गाळाचा एक पापुद्रा सोलून हातात आला, चामड्यासारखा चिवट. त्याखालचे गोटे कोरडे ठाक होते. वरून अख्खा पाट वाहत होता आणि बोटभर खाली कोरडं! तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता मलाही कळलं. ते गळणारं पाणी फुकट जात नव्हतं. ते इथून जमिनीत उतरायचं, गावाच्या खालून चालत जायचं आणि दरडीच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडायचं. आम्ही वर ज्याला शिव्या देत होतो त्यालाच खाली जाऊन चिंध्या बांधत होतो.

ती तडक आईकडे निघाली. मला वाटेत तीनदा तरी वाटलं की हिने हे सांगू नये. कुणाला कळणार होतं? पण ती थांबणारी नव्हती. आपा झऱ्याच्या कोरड्या दगडावर बसल्या होत्या. अनारकानने उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि तो गाळाचा पापुद्रा आईसमोर ठेवला. आपांनी तो उचलून बोटांत चुरला.

"म्हणजे माझंच मागणं," त्या म्हणाल्या.

"गाळ मी सोडला, आपा."

"सोडलास गं. पण चिंधी कुणी बांधली होती?"

आपा विलोकडे बघत राहिल्या. त्यांची चिंधी अजून तिथेच होती.

"तो लेप काढला तर माझ्या झाडांना पाणी येईल?"

"वरच्या ओळींना येईल. खालच्यांना नाही."

खालच्या ओळी म्हणजे सगळ्यात जुनी झाडं, नवऱ्याच्या हातची. फळांनी लगडलेली होती. आपांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, दार लावून घेणार. त्या कुदळ घेऊन बाहेर आल्या.

"बघत काय बसलात दोघी? चला."

त्या वयात ती बाई खांद्यावर कुदळ टाकून अख्ख्या गावातून चालत वर गेली. लोक दारादारांतून बघत होते. काहीजण मागे लागले, काय चाललंय विचारू लागले, आणि अनारकान चालता चालता त्यांना सांगत गेली. आपा पट्ट्यात पोचल्या आणि त्यांनी पहिला घाव घातला. असानाकुन आके धावत आले, पाट फोडताय, माझ्या पाळ्यांचं काय, म्हणून तणतणू लागले. आपांनी कुदळ न थांबवता त्यांना ऐकवलं, "असानाकुन, जन्मभर तू हा पाट गळतो म्हणून शिव्या दिल्यास. आता तो गळत नाही म्हणून दे. तुझ्या तोंडाला तेवढंच काम." सगळे हसले. आके थोडा वेळ फुरंगटून उभे राहिले, मग त्यांनीही कुणाच्या तरी हातातली कुदळ ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आशराला उतरलं. मी खानावळीतला सगळ्यात मोठा हंडा आणून तिथेच शोर्पो उकळलं. ज्यांनी लेप जपा म्हणून सांगितलं होतं तेच आता तो खरवडत होते. पट्टा साफ झाला, वरून पाणी सोडलं, ते गोट्यांपाशी आलं, जरा थबकलं आणि आत शिरलं. अनारकान पालथी पडली. मीही पडले. गुळगुळ, गुळगुळ. मी लहानपणी भ्यायले होते तसाच आवाज, पण आता मला रडू आलं. मान वर करून बघते तर सगळं गाव जमिनीला कान लावून पडलेलं. असानाकुन आके, दुकानदार, माझ्या हातून वाटी गमावलेला तो टवाळखोर, आणि एवढं पोट सांभाळत कुशीवर झोपलेले इशेनबेक बाइके. कुणी हसत नव्हतं, सगळे पाण्याचं ऐकत होते.

तिथेच अनारकानने बाइकेंना सांगितलं की आता पंप लावू या. पण गाळाचा थेंबही खाणीबाहेर जायचा नाही, त्यासाठी तिला आणखी तळी हवी होती. आणि गोटे धुवायला न लागणारं जे पाणी खाणीतून निघतं ते नदीत फेकायचं नाही, या पट्ट्यात आणून सोडायचं. बाइकेंनी कपड्यांची माती झटकत हो म्हटलं. म्हणजे ज्या पंपांनी झरा प्यायला असं लोक म्हणत होते, तेच पंप आता त्याला पाजू लागले.

तरीही वाट बघावी लागली. जमिनीखालचं पाणी आपल्या पायांनी चालतं, त्याला हाकारता येत नाही. पानं गळाली. खालच्या ओळीतली झाडं सुकली, आपांनी ती कापवून घेतली आणि ओंडके भिंतीला रचून ठेवले. त्या ओंडक्यांसमोरून जाताना अनारकान मान खाली घालायची.

पहिलं बर्फ भुरभुरलं त्या दिवशी आपांचा निरोप आला, दोघींनी या. आम्ही आधी झऱ्यावर गेलो. गोटे काळेभोर ओले झाले होते. तळाशी वाळूचे कण उकळत्या भातासारखे नाचत होते, आणि त्यांच्या मधून पाणी वर येत होतं, खाणीत आलं होतं तसंच मुकाट, तसंच निळसर. अनारकान गुडघ्यांवर बसली. तिने हात घातला नाही, नुसती बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान वळवली, कारण ते बघायचा मला काही हक्क नव्हता.

घरात चहाचा समोवर तापत होता. अंगणात सफरचंदाच्या लाकडाचा गोडसर धूर होता. आपांनी नान मोडली, लोणी पुढे सरकवलं, माझा प्याला काठोकाठ भरला नाही आणि मला म्हणाल्या की तू जाड झालीस. मग त्यांनी लेकीचा प्याला उचलला. अनारकान पुढ्यात अंथरलेल्या जेवणाच्या चादरीकडे बघत होती. आपांनी त्यात चहा ओतला, तळाशी, जेमतेम दोन घोट, आणि प्याला तिच्या हातात दिला.

अनारकान त्या प्याल्याकडे बघत राहिली. मग तिने तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. आपांनी पुन्हा तेवढाच ओतला.